तुमचं लेकरू कोन्या शाळेत?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शाळेच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या जुन्या नकाशांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. मी रिटायर झाले तेव्हापासून जिथं जाईन तिथं हेच, "मॅडम, तो टकल्याचा सांगा की!" एकाच शाळेत सगळी नोकरी काढली, दुसरं सांगणार तरी काय?

आमचं गाव वारंगा फाट्यावरून आत वळलं की लागतं. मंगळवारी मोठा बाजार भरतो. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते दहावी एकाच आवारात. पहिलीत रडत आलेलं पोरगं मिशी फुटल्यावर दहावीतून बाहेर पडायचं, मधे गेट बदलायचं नाही. याचा आम्हाला फार अभिमान होता. पुढं हाच अभिमान मोडीत निघायची वेळ आली, पण ते नंतर.

*

आधी टकल्याचा.

नव्वदच्या सुरुवातीला मी रुजू झाले तेव्हा जन्माचा दाखला हा प्रकार कुणाकडेच नसायचा. पहिलीत नाव घालायची कसोटी एकच. लेकराने उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाताला लागला तर वय सहा, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. जन्मतारीख आमचे हेडमास्तर खिल्लारे सर सगळ्यांना एकच द्यायचे, एक जून. त्या हिशोबाने एक जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो!

एक शेतकरी पोरगं घेऊन आला. पोराचा हात दोन बोटं कमी पडला. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी आणा."

"सर, पुढच्या वर्षी ह्ये म्हशीमागं जाईल. मंग कोन येतंय शाळेत? औंदाच घ्या."

"नियम म्हणजे नियम!"

चार दिवसांनी बाप पुन्हा हजर. पोराच्या डोक्यावर टोपी. बापाने टोपी काढली तर डोकं तांब्यासारखं चकचकीत!

"नरसीला नेऊन भादरून आनलं सर. आता बघा पोचतो का न्हाई!"

पोराने हात घातला. कान लागला. सरांनी एकदा त्या डोक्यावरून हात फिरवला. मग रजिस्टर ओढून म्हणाले, "नियमात केसांबद्दल काही लिहिलेलं नाही."

तो मुलगा आज इंजिनिअर आहे. आता त्याला खरंच टक्कल पडलंय.

*

खिल्लारे सर बोलायला रोखठोक. सूट देत नसत, पण माणूस पारखून घेत. गावातली व्यापाऱ्यांची लेकरं तालुक्याला जायला लागली तेव्हा त्यांनी मंगळवारच्या बाजारात, धान्याच्या पोत्यांच्या रांगेत टेबल टाकलं. मी आणि आमचे शिपाई रहीमभाई बरोबर. आणि तिसरीतली कविता राठोड, तांड्यावरच्या सीताबाईची लेक.

एक हळदीचा व्यापारी थबकला. "गुर्जी, काय इकून राहिले?"

"शाळा!"

"काय भाव?"

"फुकट."

"फुकटचा माल किडका राहतो," असं म्हणून तो निघाला.

सरांनी त्याला हात धरून थांबवलं. "पोत्याला परखी खुपसून दाणे बघता ना? मग हिला बघा!" आणि कविताला पुढं केलं.

व्यापारी हसला. त्याने सव्वाच्या पाढ्यातला, पोरांची हमखास विकेट घेणारा प्रश्न टाकला, "सांग गं पोरी, सात सव्वे?"

कविताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोरच्या शेव-चिवड्याच्या गाड्याकडे बघत होती. "पावणेनऊ."

"अकरा सव्वे?"

"पावणेचौदा. मला शेव पायजे."

व्यापाऱ्याने तिला शेव घेऊन दिली आणि आपल्या दोन्ही नातवांची नावं उभ्याउभ्या लिहून दिली. त्या एका मंगळवारी आमच्या पहिलीत बसायला सतरंजी पुरेना!

*

पण दिवस सारखे नसतात. गावात छोटी इंग्रजी शाळा आधीपासून होती, पुढं ती वाढली. टाय आला, बूट आले आणि पिवळी व्हॅन आली. व्हॅन सकाळी गल्लीत शिरली की आमची अर्धी पोरं तिच्या मागं पळायची आणि पालकांचं मनही तिच्याच मागं पळायचं.

एका आषाढात ही व्हॅन आमच्या गेटसमोरच्या काळ्या मातीत रुतली. चाक जितकं फिरवावं तितकं खाली. रहीमभाईंनी परस्पर घंटा दिली, नववीचा वर्ग बाहेर काढला आणि पोरांनी "हेइय्या" करत व्हॅन उचलल्यासारखी बाहेर काढली. सगळी चिखलात गुडघाभर. आतून टायवाली लेकरं एका सुरात म्हणाली, "थँक्यू!"

आमची नववी चिखल निथळत, एका दमात, "मेन्शन नॉट!"

त्याहून भारी पुढं. व्हॅनचा ड्रायव्हर कैलास खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि आपल्या पोरीला आमच्या गेटमधे सोडलं. ती आमच्या तिसरीत होती. मी म्हटलं, "अरे, त्या शाळेची गाडी चालवतोस आणि पोरगी इथं?"

"म्याडम, मी रोज ऐकतो ना, गाडीत काय घोकतेत ते," कैलास म्हणाला. "ह्येचा अर्थ काय म्हून इचारलं तर एकाला सांगता येत न्हाई."

*

आता माझी गोष्ट. ही सांगताना मला आजही थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझी स्वतःची मुलगी ऋतू त्याच पिवळ्या व्हॅनमधे बसायची. मीच बसवलं होतं तिला. दुसऱ्यांच्या लेकरांना मराठी शाळेचं महत्त्व सांगून मी घरी यायचे आणि तिच्या टायची गाठ सोडायचे!

ऋतू सातवी पास झाली. इंग्रजी शाळा तिथंच संपत होती, पुढं नांदेडला आत्याकडे ठेवायचं ठरलं. त्याच जूनमधे आमच्या शाळेला कागद आला. आठवीत वीस मुलं नसतील तर आठवी ते दहावी बंद, मुलांनी तालुक्याच्या शाळेत जावं. आमच्या यादीत चौदा नावं. तांड्यावरच्या कवितासह सहा मुली सातवी होऊन घरी बसलेल्या. मुलगे एसटीने तालुक्याला जातील. या पोरी? त्यांची शाळा संपली म्हणजे संपलीच, आणि पुढचं पाऊल मांडवात. हे मला स्वच्छ दिसत होतं.

खिल्लारे सर आणि मी तांड्यावर गेलो. सीताबाई हळदीच्या वाफ्यातून उठून आली. चहा केला. सरांनी शिक्षणावर चांगलं अर्धा तास भाषण दिलं. सीताबाईने पूर्ण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कोन्या शाळेत हाय?"

मी चहाच्या बशीत बघितलं.

"तुमालाच भरोसा न्हाई का ही शाळा टिकंल म्हून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मंग मी दोन महिन्यासाठी पोरीला काहून धाडू? तुमची येईल त्या दिशी माजी यील. आन् माजी आली तर तांड्याच्या समद्या येतेत."

 

*

घरी मी विषय काढला. आमचे हे तहसीलमधे क्लार्क, मुद्द्याला सरळ भिडणारे. म्हणाले, "तू तिथं शिकवतेस. आतलं सगळं तुला माहीत. म्हणून तर तिला तिथं घालायचं नाही!"

मी ताटात भाकरी वाढत होते. हात थांबवला. "स्वैपाकघरातलं आतलंही सगळं मलाच माहीत आहे. मग जेवता कशाला?"

त्यांनी ताट पुढं सरकवलं. मी काही वाढेना. शेवटी ऋतू म्हणाली, "मला नांदेडला नव्हतंच जायचं. मला कुणी विचारलंय का?"

खरंच की, तिला कुणी विचारलंच नव्हतं! भाकरी वाढली गेली आणि निर्णयही झाला.

सोमवारी ऋतू माझ्याबरोबर चालत शाळेत आली. मंगळवार बाजाराचा. बुधवारी सकाळी रहीमभाई धावत स्टाफरूममधे आले, "मॅडम, देखो तो! पूरा तांडा आ रा!" गेटमधून सीताबाई पुढं आणि मागं तेलाने चपचपीत वेण्या घातलेल्या सहा मुली. कविता सगळ्यात पुढं. चौदा, एक ऋतू आणि या सहा, एकवीस झाले. मी स्टाफरूमच्या दाराआड जाऊन रडून घेतलं. खोटं कशाला बोलू.

*

पहिल्याच आठवड्यात ऋतू घरी आली ती तणतणत. कविताने तिला विचारलं होतं, "सात सव्वे?" आणि हिला येईना!

"आई, त्या पोरीला सगळं तोंडपाठ आहे. मला सव्वाचा पाढा काहून नाही शिकवला?"

"काहून" ऐकून ह्यांनी पेपर खाली घेतला. सात वर्षं फी भरून जे इंग्रजी घरात आलं होतं ते आठवड्यात निम्मं झालं होतं! पण त्या रात्री जेवण झाल्यावर हेच तिला सव्वाचा पाढा म्हणून दाखवत होते. सतरा सव्व्यांना अडकले, तेव्हा ऋतूने सांगितलं.

पुढं दोघी एका बाकावर बसल्या. कविताने तिला गणित दिलं, ऋतूने कविताला इंग्रजी दिलं आणि भांडणं दोघींनी मिळून केली. दहावीच्या निकालाला केंद्रात कविता पहिली, ऋतू दुसरी. ह्यांनी पेढे वाटले. कुणीतरी चिडवलं, "साहेब, पोरगी दुसरी आली आन् पेढे?" तर हे म्हणाले, "पहिलीचे पण मीच वाटून राहिलोय!" बघा, हे सुद्धा मराठवाड्याच्या बोलीवर आले होते.

कविता डीएड झाली आणि पहिली नेमणूक डोंगरकड्याच्या बाजूला एका शाळेवर मिळाली. ऑर्डर घेऊन आधी आमच्या शाळेत आली. रहीमभाईंनी तिला साहेबासारखा सलाम ठोकला, आणि दोघंही रडायला लागले.

*

म्हणजे शाळा टिकली हे तुम्हाला कळलंच. पण ती टिकली तो दिवस मी राखून ठेवला होता.

ऋतू आठवीत आली त्याच वर्षी जुलैत मुलांच्या मोजणीला शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. जीपमधून उतरले तेच घड्याळ बघत. आठवीत जाऊन एकेक डोकं मोजलं. एकवीस. चेहऱ्यावर नाराजी. पालकांना बोलावलं होतं, ते व्हरांड्यात बसले होते. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले.

"यंदा भरले एकवीस. या मुली दिवाळीपर्यंत तरी टिकतील का? तुम्ही आपल्या लेकरांचं नुकसान करून घेऊ नका. तालुक्याला उत्तम शाळा आहे." मग आमच्याकडे वळले. "इथल्या शिक्षकांनाच विचारा ना! किती जणांची मुलं या शाळेत आहेत? करा हात वर!"

आमचे बरेचसे शिक्षक नांदेडहून अपडाऊन करायचे, त्यांनी माना खाली घातल्या. साहेबांना हेच दाखवायचं होतं.

खिल्लारे सरांचा हात वर गेला. नातू दुसरीत होता. रहीमभाईंनी दोन्ही हात वर केले, कारण त्यांची दोन होती. आणि मग माझा हात वर गेला. आठवीच्या खिडकीतून ऋतू बघत होती. तिने कविताला कोपराने ढोसलं. मी हात आणखी उंच केला, पार ताठ, जसा पहिलीतली पोरं उत्तर येतं तेव्हा करतात तसा.

"तीनच?" साहेब हसले आणि शेऱ्याच्या वहीवर पेन टेकवलं.

पालकांतून सीताबाई उठली. पदर सारखा केला.

"तीन तर तीन. आन् सायब, तुमचं लेकरू कोन्या शाळेत हाय?"

पेन थांबलं. साहेबांनी सीताबाईकडे पाहिलं, मग आठवीच्या खिडकीत जमलेल्या एकवीस तोंडांकडे पाहिलं. वही मिटली. घसा साफ करून त्यांनी हळूच खिल्लारे सरांना विचारलं, "पहिलीचे प्रवेश अजून चालू आहेत का?"

सर काही बोलायच्या आत रहीमभाई पुढं झाले.

"चालू हैं साब. बस, हाथ कान तक पोंचना मंगता!"