चाळीस टक्क्यांचा शुक्रवार

नागपूरच्या मे महिन्यात अंगाची लाही लाही होत होती, तेव्हा भाचीने तिच्या लोणावळ्याच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी साठीला टेकलेली, एकटी फिरणारी बाई. गुडघ्याचा पट्टा, चार सुती साड्या आणि फोनमधला आठवड्याचा हवामान अंदाज, एवढी जय्यत तयारी करून निघाले. अंदाज मोठा गोड होता. सोमवार ते गुरुवार सूर्य, शुक्रवारी ढगाखाली तीन थेंब आणि बाजूला चाळीस टक्के, शनिवार-रविवार पुन्हा सूर्य. चाळीस म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. मी छत्री घरीच ठेवली.

सोमवारी दुपारी लोणावळ्यात उतरले आणि तोंड पडलं. डोळ्यांपुढे हिरवेगार डोंगर घेऊन आलेली मी, आणि समोर वाळल्या गवताचे पिवळे-तपकिरी उतार! ऊनही चांगलं सणसणीत. संध्याकाळी मात्र घाटाकडून असा वारा सुटला, की नागपूरकरांनो, तुमची दया आली.

बाजारातल्या चिक्कीच्या दुकानात सलीमभाई म्हणून एक गप्पिष्ट गृहस्थ भेटले. त्यांनी तीन प्रकारच्या चिक्क्या चाखायला दिल्या. मी कौतुकाने फोन दाखवला.

"हा लोणावळ्याचा अंदाज आहे ना?" ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "मग तो बाजारापुरता धरा. कार्ल्याच्या पुढे गेलात की हवा निराळी. माझी बहीण कामशेतला दिलीय. इथे मी भिजतो आणि ती फोनवर म्हणते, भाईजान, धूळ उडतेय."

मंगळवारी कार्ल्याला गेले. लेणी पाहिली, उतरताना पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली आणि अधाशीपणाने खाल्ली. त्यांचा चीक ओठांना असा चिकटला, की रस्त्यावर एस.टी. आली तरी मला हाक मारता येईना. हात केला, तर ड्रायव्हरने निरोपाचा समजून आपलाही हात हलवला आणि गाडी निघून गेली. बुधवार मग गुडघ्याला तेल चोळण्यात गेला.

गुरुवारी उजाडताच कामशेतजवळची बेडशाची लेणी गाठली. ही लेणी सकाळीच पाहावीत. उन्हं सरळ आत शिरतात आणि खांबांवरचे हत्ती-घोडे उजळून निघतात. वर माणूस नव्हतं. अर्धा तास नुसती बसून राहिले. फार बरं वाटलं.

पायऱ्या उतरून खाली आले, तर शेताच्या बांधावर एक म्हातारी डोक्याला हात लावून बसलेली. तिच्यासमोर पाला, शेण आणि गवत यांचे थर दिलेले चार वाफे. हा राब (भाताचं रोप टाकण्याआधी भाजून घ्यायची जमीन). नीट भाजला तर तण मरतं आणि रोप जोमाने येतं. भिजला, की पेटतच नाही.

"मावशी, बरं नाही का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीया? वारं बघतीया. पाऊस यील का, काय म्हाईत."

तिचं नाव हौसाबाई. राब रविवारी भाजायचं ठरलं होतं, कारण मुलगा दत्ता आंबीच्या कारखान्यात कामाला आणि रविवारीच सुट्टी. तिथेच खोली घेऊन राहतो. शिमग्यापासून घरी आलेला नाही.

मी लगेच फोन काढला. "काळजी सोडा. उद्या फक्त चाळीस टक्के आहे. म्हणजे बहुतेक येत नाहीच."

हौसामावशी ताडकन उठल्या. "चाळीस? आवो ताई, चाळीस म्हंजी पासच झाला की त्यो. आमचा दत्ता छत्तीसवर धावी पास झालाय."

मी टक्केवारी समजावायचा प्रयत्न केला. पण पस्तीस टक्क्यांना पास होणाऱ्या देशात कोण ऐकतंय?

"आत्ता वारा पडलाय. आत्ताच भाजाय पायजे. पर येकटीला जमायचं न्हाई. आग सांभाळाय माणूस लागतंय." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक ओली डहाळी माझ्या हातात दिली.

पदर खोचला. उरलीसुरली झुळूक जिकडे जात होती त्या टोकाकडून त्यांनी राब पेटवला, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते आणि जमीन खोलवर भाजते. माझं काम, बांधाकडे आलेली ठिणगी डहाळीने झोडपणे. एक ठिणगी बांधावर पडली. ती मी पायाने विझवली आणि चपलेचा तळवा वितळवून घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तरी सांगते, गेल्या दहा वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

तीन वाफे झाले. चौथ्याकडे मी वळले, तर मावशी त्यावर ताडपत्री पसरत होत्या. कडेने दगडसुद्धा ठेवले.

"हा राहिला की मावशी."

"ऱ्हाऊ दे. ह्यो दत्ताचा."

"अहो, पण उद्या पाऊस आला तर?"

त्या ताडपत्रीचा कोपरा ओढत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समदा भाजला म्हणून कळलं, तर रविवारी जादा काम धरंल. कशापायी यील मग?"

मी एक दगड उचलून चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. घरी नेऊन त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. ठसका लागेपर्यंत जेवले.

शुक्रवारी चार वाजता लोणावळ्यावर आभाळ काळं झालं आणि वळीव (उन्हाळ्यातला गडगडाटी पाऊस) असा कोसळला, की बाजारातून फ्लॅटवर येईपर्यंत पदरातून पाणी गळत होतं. चाळीस टक्के पहिल्या श्रेणीत पास. पण मला त्या ताडपत्रीची काळजी. रात्री जेवण गेलं नाही. शनिवारी मन रमलं नाही.

रविवारी संध्याकाळी पुण्याहून गाडी होती. सकाळीच सामान आवरलं आणि वाट वाकडी करून कामशेतला उतरले. बॅग एका दुकानात ठेवून बेडशासाठी रिक्षा विचारत होते, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. हँडलला आंब्यांची पिशवी.

"बेडशाला का? बसा मावशी, तिकडंच चाललोय."

थोडं पुढे गेल्यावर गावात कुणाकडे म्हणून त्याने विचारलं. हौसाबाईंचं नाव घेतलं, तर तो हसला. "म्हंजी घरीच की. मी त्यांचा दत्ता."

मी सावध झाले. "राब भाजायला आलात?"

"व्हय. आई म्हणली, लय राहिलाय, येकटीला होईना."

"परवाच्या पावसाने भिजला नसेल ना?" मी साळसूदपणे विचारलं.

त्याने गाडीचा वेग कमी केला. "शेजारच्या काकांनी गुरुवारीच सांगितलंय मला. तीन वाफे झाल्यात, पुण्याकडची कुणी बाई होती संगं." मग म्हणाला, "सायबानं आज जादा कामाला बोलावलं होतं. त्यांना म्हणलं, सगळा राब राहिलाय."

मी नागपूरची आहे, पुण्याची नाही, हे सांगायचं त्या वेळी मला सुचलंच नाही.