लोणीमामांच्या खिशातली तुरटी

लोणीमामांच्या दुकानात तुरटी नव्हती, आणि ही गोष्ट ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला खुर्चीत टेकायच्या आत सांगत. रक्त थांबवायला तुरटी लागते ती ज्याचा हात घसरतो त्याला, असं त्यांचं म्हणणं. अडतीस वर्षांत त्यांच्या वस्तऱ्याने कुणाच्या गालावर ओरखडा काढला नव्हता. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरे, म्हणून लोणी. आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांचे पहिले केस त्यांनीच कापलेले, म्हणून मामा.

दुकान म्हणजे एक खोली. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा दांडा मोडल्यामुळे तिच्यावर फक्त वाट बघणाऱ्यांनी बसायचं. भिंतीला वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, कोपऱ्यात स्टोव्ह आणि त्यावर पाण्याची किटली. मामा बोलके, आणि आपल्या हाताविषयी बोलताना तर त्यांना धरबंधच नसे. माणूस गुणाचा होता, पण कौतुक स्वतःच करून मोकळा व्हायचा. दुसऱ्याला संधी म्हणून देत नसे.

असा हात गेल्या उन्हाळ्यात थरथर कापायला लागला. फार नाही, पण बशीवरचा कप वाजायला तेवढं पुरे. मामींनी तो आवाज पहिल्याच दिवशी ऐकला आणि सरळ सांगितलं, “आता बस करा. वस्तरे घरी आणा.” मामा म्हणाले, चहा जास्त झालाय. त्यांनी चहा सोडला, हात काही थांबला नाही. शेवटी एका सकाळी ते शेजारच्या गावी जाऊन, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं अशा दुकानातून तुरटीचा खडा घेऊन आले. चोरून दारू आणणारासुद्धा इतकं मागेपुढे बघत नसेल. खडा रुमालात गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात गेला. कुणाला लागलंच तर मामा त्याला बोलण्यात गुंतवून तो झटकन फिरवत आणि म्हणत, “नवीन पाणी आणलंय, जरा झोंबतं.” त्यांच्या गिऱ्हाइकांना कापून घ्यायची सवयच नव्हती, त्यामुळे ते खरं मानत.

या गिऱ्हाइकांत सगळ्यात जुने आणि सगळ्यात खडूस होते हेडमास्तर. निवृत्त, अविवाहित, थोरल्या बहिणीबरोबर राहणारे. एक दिवसाआड सकाळी आठला खुर्चीत, हातात वर्तमानपत्रांची कात्रणं. कात्रणं सगळी एकाच विषयाची: मेला म्हणून ठरवलेला माणूस उठून बसला, शवपेटीचं झाकण उघडलं तर आतून ओरबाडलेलं. तोंडाला फेस लावलेला असताना ते ही कात्रणं मोठ्याने वाचून दाखवत. या माणसाने चाळीस वर्षं शाळा धाकात ठेवली होती, पण जिवंत पुरलं जाण्याच्या भीतीने त्यांची झोप उडायची आणि म्हणून ते झोपेचं औषध घेत. आपल्याला तीन दिवस घरात ठेवावं, मगच न्यावं, असं त्यांनी बहिणीला लिहून दिलं होतं. पेटीत एक घंटा ठेवावी असाही त्यांचा आग्रह होता. त्यावर बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, इतकंच म्हणाली होती की घंटा दिली तर तू दर अर्ध्या तासाने चहासाठी वाजवशील.

“तुम्ही मेलेल्यांची दाढी करता,” हेडमास्तर मामांना विचारत. “कधी कुणी हललंय?”

“कुणीही नाही, सर. मेल्याइतकं गुणी गिऱ्हाईक मिळत नाही.”

त्या गावात मेलेल्याला पुरायची रीत होती, पण वाढलेल्या खुंटांनिशी कुणालाच पुरत नसत, आणि ही शेवटची दाढी मामांकडे होती. ती करतानाही मामा गप्प बसत नसत. पाणी फार गरम नाही ना, असं ते मेलेल्यालाही विचारत.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी आठ वाजून गेले तरी हेडमास्तर आले नाहीत. साडेआठला निरोप आला: सर गेले, दाढी करायला या.

मामा हजामतीची पेटी घेऊन निघाले. हेडमास्तरांच्या घरी बाहेरच्या खोलीत अक्का बसल्या होत्या, आणि डॉक्टर गळ्याला मफलर गुंडाळून दाखल्यावर सही करत होते. सकाळी हाक मारली तर उठेचना, अंग गार, नाडी नाही. दफन दुपारी चारला ठरलं होतं. तीन दिवसांचं काय, असं मामांनी हळूच विचारलं, तर अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांना मी तेच विचारलं, त्या म्हणाल्या, पण ते म्हणतात आता त्याची काही गरज नाही.

आतली खोली बर्फासारखी गार होती. हेडमास्तर खिडकी उघडी ठेवून झोपत. मामांनी फेस लावला आणि सवयीने बोलायला सुरुवात केली. आज कात्रण नाही वाटतं, सर. उजवा गाल झाला. हनुवटीखाली वळताना हात थरथरला आणि वस्तरा लागला.

रक्ताचा एक लाल थेंब वर आला. मामांचं डोकं चालायच्या आधी हात चालला. त्यांनी रुमाल सोडला, खडा पाण्यात बुडवला, जखमेवर फिरवला आणि दाराकडे बघत परत खिशात टाकला. उन्हाळ्यापासून त्यांना याचा इतका सराव झाला होता की सगळं उरकल्यावर त्यांना सुचलं, आपण मेलेल्या माणसाला तुरटी लावली.

त्यांनी जागा पुसली. पुन्हा थेंब आला. पुन्हा पुसली. तो पुन्हा आला.

इथे मामांची लाज सांगायलाच हवी, कारण पुढे त्यांनी ती स्वतःही कुणापासून लपवली नाही. ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले. बाहेर जाऊन सांगायचं म्हणजे कापलं हे सांगायचं. कापलं म्हणजे हात गेला, हात गेला म्हणजे दुकान गेलं, आणि दुकानाशिवाय आपण कोण, हे मामांना खरोखर ठाऊक नव्हतं. कापसाचा बोळा दाबून काम पुरं केलं असतं तर चारला सगळंच मातीखाली गेलं असतं. मग त्यांची नजर हेडमास्तरांच्या तोंडावर गेली. डाव्या गालावर अजून फेस होता. असाच फेस असताना या माणसाने त्यांना आपलं सगळ्यात मोठं भय सांगितलं होतं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. मामांना स्वतःची किळस आली. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात तुरटी, असे ते बाहेर आले.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, येतो कधीकधी थेंबभर, त्यात काही नाही.

“डॉक्टर, माझा हात कापतो,” मामा म्हणाले. “उन्हाळ्यापासून कापतो. रोज एकदोघांना लागतंच, मी तुरटी लावून लपवतो. जिवंत माणसाचं रक्त कसं येतं, हे सध्या या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सरांचं तसंच येतंय.”

डॉक्टरांनी छाती तपासायची नळी उचलली, कानात घालायला गेले आणि थांबले. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली.

“सर्दीने आठवडाभर माझ्या कानात दडे बसलेत,” ते म्हणाले. “मला काही ऐकूच येत नाहीये.”

मग कुणी कुणाला दोष देत बसलं नाही. मामांच्या पेटीत हातातला आरसा होता. तो हेडमास्तरांच्या नाकाशी धरला, आणि सगळ्यांनी श्वास रोखून धरला. बराच वेळ काही नाही. मग काचेवर बटणाएवढी वाफ धरली, विरली, आणि पुन्हा धरली. अक्का खिडकीकडे धावल्या.

खिडकी लागली, ब्लँकेटं आली, गरम पाण्याच्या पिशव्या आल्या, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. झोपेचं औषध एकदा घेतलेलं विसरून सरांनी दुसऱ्यांदा घेतलं होतं आणि वर खिडकी उघडी. दुपारी एकच्या सुमाराला हेडमास्तरांनी डोळे उघडले. कुणी काही विचारायच्या आत त्यांचा हात उजव्या गालावर गेला, मग डाव्या.

“अर्धीच?” ते म्हणाले.

गाव आठ दिवस या गोष्टीवर खूश होतं. मामांना रस्त्यात थांबवून लोक हात हातात घेत, मिठी मारत. दुकानात मात्र कुणी येईना. मिठी मारणं वेगळं आणि कापऱ्या हाताखाली गळा देणं वेगळं. मामांनाही ते कळत होतं. ते रोज आठला दुकान उघडत, किटली ठेवत, रिकामी खुर्ची पुसत. आठव्या दिवशी त्यांनीच मामींना सांगितलं, उद्या पिशवी घेऊन ये, वस्तरे घरी नेऊ.

दुसऱ्या दिवशी आठला हेडमास्तर दारात उभे राहिले. चेहरा बघवत नव्हता: डावीकडे दाट दाढी, उजवीकडे तिच्याहून आखूड, मधोमध आखल्यासारखी रेघ. अक्कांनी दुसरीकडे जा म्हणून जीव खाल्ला होता, पण ते बधले नव्हते. ते खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

“उरलेली करा.”

“सर, हात कापतो माझा.”

“ठाऊक आहे. सबंध गावाला ठाऊक आहे. पाणी गरम आहे ना?”

मामांनी फेस लावला. पहिल्यांदाच ते दाढी करताना एक अक्षर बोलले नाहीत, कारण बोलले असते तर रडले असते. दोन ठिकाणी लागलं. दुसऱ्या वेळी हात सवयीने जाकिटाकडे गेला आणि अडखळला. मग त्यांनी खडा सरळ बाहेर काढला, लावला, आणि आरशासमोरच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी ठेवून दिला.

हेडमास्तरांनी आरशात दोन्ही बाजू नीट तपासल्या. वही तपासताना बघायचे तसं बघितलं.

“पुढच्या वेळीही तुम्हीच यायचं,” ते म्हणाले. “मी खरंच गेलो की नाही, ते बघायला. हात बरा करून घेऊ नका.”

“तीन ठिकाणी कापीन, सर,” मामा म्हणाले. “शब्द देतो.”

मामी दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि किटलीत आणखी पाणी ओतलं.