मोरचुदाच्या आखाड्यातली कुस्ती

तिसगावजवळच्या एका हायस्कुलात गहिनीनाथ पालवे सर विज्ञान शिकवतात. बरीच वर्षं झाली. पण यंदाच्या नववीसारखा थंड वर्ग त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यातही सुकन्या. आईबापांबरोबर ऊसतोडणीला जाऊन ती मार्चमध्ये परतली, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही.

शुक्रवारी तिची आई भागूबाई शाळेत आली. “सर, पोरगी वर्गात घुम्यावानी बसती म्हनं. त्यापरीस पुढच्या सालाला तोडनीला हात तरी लागंल. सोमवारी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येते.”

सरांनी खूप समजावलं. भागूबाई बधली नाही.

रविवारी गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचा हगामा होता. पंचांच्या शेजारी बसलेल्या सरांच्या कानावर एक खणखणीत आवाज आला. “आरं, वाट कुनाची बघतो? पट काढ, पट! आता ढाक लाव!” त्यांनी मान वळवली आणि बघतच राहिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून सुकन्या ओरडत होती! बाजूला त्यांचाच सगळा वर्ग. माईकवरचा निवेदक एखाद्या पैलवानाचं नाव घेई, की ही पोरं त्याचं गाव, वस्ताद आणि हुकमी डाव सांगून मोकळी!

घरी जाताना सरांची मोटारसायकल जणू हवेतच होती.

सोमवारी पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर काचेचं पात्र ठेवलं. त्यात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं निळंशार पाणी. एका हातात लोखंडी खिळा, दुसऱ्या हातात माईकसारखं धरलेलं डस्टर.

“ऐका मंडळी! या निळ्या आखाड्यात ठाण मांडून बसलंय तांबं! आणि त्याला बाहेर काढायला लांग-लंगोट कसून येतोय लोखंडी खिळा!”

वर्ग आधी गांगरला, मग खदखदून हसला. “सर, घसा बसंल!” वाल्मिक ओरडला.

“मग निवेदक बदलू.” सरांनी खिळा पाण्यात सोडला आणि डस्टर सुकन्यापुढे धरलं.

“मला न्हाई येत, सर.”

“ट्रॉलीवर चढून येतं, इथं न्हाई व्हय?”

पोरं टाळ्या पिटू लागली. सुकन्या लाजत उठली. टेबलापाशी येऊन तिनं वाकून पाण्यात बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

“खिळ्याचा रंग बदलला! तांबं त्याच्या अंगावर आलं! पान्यातनं उचलून काढलं की गड्यानं! चितपट!”

वर्ग बाकांवर चढला. गलका थोडा ओसरला, तशी ती म्हणाली, “सर, खिळ्याच्या जागी चांदी उतरवली तर?”

सर पुढे सरकले. “तूच सांग. कोन जिंकंल?”

“लोखंड लगेच गंजतं. म्हंजी ते भांडखोर. चांदी काय गंजत न्हाई. ती अंग चोरून बसंल. हरंल.”

“नुसतं बोलून भागत नाही. कुस्ती लावावी लागते.”

सुकन्यानं पटकन पायातलं आईचं चांदीचं पैंजण काढलं आणि सरांनी मोरचुदाच्या पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या पात्रात सोडलं.

“आगं, भवाने! माजं पैंजन!” दारातून आवाज आला. दाखला न्यायला भागूबाई आली होती.

“आई, थांब! कुस्ती निकाली व्हायची हाय!”

भागूबाई उंबऱ्यातच बसली. सगळा वर्ग एकटक पात्राकडे बघत होता. तीही मान उंच करून बघू लागली. बराच वेळ गेला. सरांनी चिमट्यानं पैंजण वर काढलं. होतं तसंच, पांढरं!

“चांदी हरली!” पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. वाल्मिकनं सुकन्याच्या नावानं आरोळी ठोकली.

सरांनी पैंजण धुऊन भागूबाईच्या हातात दिलं आणि विचारलं, “दाखला लिहायला सांगू का?”

तेवढ्यात मागून सुकन्या म्हणाली, “सर, आन सोनं?”

“दहावीच्या पुस्तकात आहे. जूनमध्ये.”

भागूबाईनं पैंजण पदराला पुसलं, लेकीकडे एकवार पाहिलं.

“आता सोन्याचं कळल्याबिगर ही तोडनीत कुटली मन लावती! ऱ्हाऊ द्या दाखला. तोडनीला जाताना हिच्या म्हाताऱ्या आजीपाशी ठेवीन हिला.” ती उठली आणि दारातून वळून म्हणाली, “पन सर, एक आधीच सांगते. सोनं तुमी आनायचं!”