एका जागेवर दोघींचा डोळा

नेत्राला एखाद्याचा राग यायचा तो काहीतरी कारण घडून यायचा. लट्रीसचा मात्र काही घडायच्या आतच आला.

डेट्रॉइटजवळच्या एका कॉलेजात डिजिटल मार्केटिंगचा संध्याकाळचा वर्ग. पहिला दिवस, सगळे आपापल्या खुर्चीत अवघडून बसलेले. ही बाई उशिरा आली, माफी अशी तोंड भरून मागितली की शिकवणारा मास्तरच ओशाळला, आणि बूड टेकतंय न टेकतंय तोवर शेजारच्या म्हाताऱ्याला त्याच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल विचारायला लागली. डेट्रॉइट शहरातली ब्लॅक बाई, चाळिशीकडं झुकलेली, उंच, अंगानं भरलेली, डोक्यावर बारीक वेण्यांचा मोठा अंबाडा. हसली की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. म्हातारा आयुष्यभराची ओळख असल्यागत तिच्याशी बोलत होता. नेत्रा त्याच्या दुसऱ्या अंगाला बसली होती, पण तिच्याकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

नेत्रा कागलची. कोल्हापुरात एम. कॉम. केलं, नागपूरच्या यतीनशी लग्न झालं आणि त्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीपायी डेट्रॉइटशेजारच्या नोव्हाय गावी आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायची मुभा नव्हती. ती मिळेस्तोवर लेक हायस्कुलात गेली. मधल्या काळात नेत्रानं मराठी मंडळाचं फेसबुक सांभाळलं, गणपतीची पोस्टरं केली, नाटकाची तिकिटं खपवली. सगळं फुकट. आता कागद हातात आले होते आणि तिला पगाराची नोकरी पाहिजे होती. पैशाची घरात ओढ नव्हती. पण कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची, ते बंद व्हायला पाहिजे होतं.

कोर्स संपला की डेट्रॉइटची एक जाहिरात कंपनी वर्गातल्या एकाला घेणार होती. एकालाच. त्यासाठी प्रत्येकानं एक छोटा धंदा निवडायचा, कॉलेजच्या पैशातून त्याची ऑनलाइन जाहिरात चालवायची आणि शेवटी कंपनीच्या बाईसमोर ती मांडायची. नेत्रानं मंडळातल्या, घरी फराळ करून विकणाऱ्या नंदाकाकूंचा दिवाळीचा फराळ घेतला. लट्रीसनं घेतलं तिच्या आत्याचं केसांच्या वेण्या घालायचं दुकान.

"जागा तिलाच जाणार," नेत्रा घरी आल्यावर यतीनला म्हणाली. "तोंडानं गोड हाय, इंग्लिश तिचं आईचं, आणि वर ब्लॅक. कंपन्यांना फोटोत दाखवायला एक लागतंयच."

यतीन भाजी चिरत होता. "म्हणजे कोटा?"

"तसंच समजा."

"आणि आपल्याला लोक म्हणतात, व्हिसावाले येऊन नोकऱ्या खाऊन राहिले, तेव्हा तू भांडायला उठते."

"ते येगळं."

"हो, ते वेगळंच असते," यतीन म्हणाला आणि कांदा घेतला.

मनात साठलेलं एक दिवस तोंडातून बाहेर पडलंच. वर्गाच्या मधल्या सुट्टीत दोघी कँटीनमध्ये एका टेबलाला आल्या. लट्रीस म्हणाली, मला या जागेची धाकधूक वाटते. नेत्रा कॉफी ढवळत म्हणाली, "तुला कसली धाकधूक? आजकाल सगळ्यांना तुमच्यातलं कुणीतरी हवंच असतं."

लट्रीस भडकेल असं तिला वाटलं होतं. लट्रीसनं नुसती भुवई वर केली.

"कोणाला हवंय त्याचा पत्ता दे, हनी. मी आजच अर्ज करते." मग खुर्ची पुढं ओढून तिनं सांगितलं. शिकून पदवी घेतली, विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला बसली, त्यातच तारुण्य गेलं. एक दिवस कंपनीनं ते खातंच दुसरीकडं हलवलं. आत्याच्या दुकानाचे फोटो टाकता टाकता हा धंदा कळायला लागला, आवडायला लागला. तेव्हापासून अर्ज करतेच आहे. "फोनवर मी सगळ्यांना आवडते. सोमवारपासून यायला जमेल का इथपर्यंत बोलणं जातं. मग व्हिडिओवर बोलावतात. कॅमेरा चालू झाला की जागा भरलेली असते."

असं म्हणून ती हसली. नेत्राला तिचं वाईट वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही. पण त्यापेक्षा जास्त खुपलं ते हे, की इतकं सोसून ही बाई असं हसू शकते आणि आपण मंडळात कुणी नाव चुकीचं छापलं तरी आठवडाभर फुगून बसतो. हेव्याला कशाचंही सरपण चालतं. त्या दिवसापासून तिला लट्रीसच्या हसण्याचासुद्धा हेवा वाटायला लागला.

जाहिराती सुरू झाल्या आणि वारं फिरलं. नेत्राचे आकडे भराभर चढले. लाइक, कमेंट, क्लिक, वर्गात कुणाचेच तेवढे नव्हते. मास्तरानं तिचे आकडे पडद्यावर सगळ्यांना दाखवले. लट्रीसच्या जाहिरातीखाली चार कमेंट, त्यातल्या दोन आत्याच्याच. लट्रीस त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली आणि तिचं ते गप्प बसणं नेत्राला गोड लागलं. कित्येक दिवसांनी काहीतरी एवढं गोड लागलं होतं.

सुट्टीत लट्रीस आपणहून टेबलाशी आली. "मी जळतेय, खरं सांगते. काय केलंस तू?"

नेत्रानं गप्प बसायला पाहिजे होतं. पण जळणारं माणूस समोर उभं राहून विचारतंय, तर फुशारकीला आवर कुठला?

"तुम्ही सगळे गिऱ्हाइकाला धरता," ती म्हणाली. "मी आईला धरलं. इथं राहणाऱ्या आमच्या पोरांना फराळाची आठवण कोण करून देतं? आई. दिवाळी आली की रोज फोन, फराळ मिळाला का, चकली खाल्लीस का. म्हणून मी जाहिरात पोरांना दाखवतच नाही. महाराष्ट्रातल्या त्यांच्या आयांना दाखवते. त्या पोरांच्या मागं लागतील, पोरं काकूंकडं येतील."

लट्रीसनं कप खाली ठेवला. "आईला धरायचं," ती हळू म्हणाली. "बाई, तू हुशार आहेस." आणि कॉफी अर्धी टाकून गेली.

नेत्रा त्या दिवशी गाणं गुणगुणत गाडी चालवत आली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा नंदाकाकूंचा फोन आला. काकू पुण्याच्या, बोलणं मऊ.

"अगं नेत्रा, जाहिरात छान चाललीये म्हणतात सगळे. पण ऑर्डर काही येईनात गं. चिवड्याचे डबे तसेच आहेत. जाहिरात छान म्हणून चिवडा संपत नाही."

नेत्रानं मग कमेंट नीट वाचल्या. "लई भारी चकली ताई." "शुभ दीपावली." "कागलात मिळंल का?" तिच्या माहेरच्या अख्ख्या गल्लीनं अंगठे उठवले होते, आपल्या पोरीची जाहिरात म्हणून. साताऱ्याच्या, सांगलीच्या आया कौतुकानं क्लिक करत होत्या आणि एकेका क्लिकला कॉलेजचा पैसा जात होता. त्यांच्याकडं अमेरिकेचं कार्ड नव्हतं, की पोराच्या घराचा पिनकोड पाठ नव्हता. त्यांनी पोरांना फोन केलेही असतील. पोरं म्हणाली असतील, "हो आई, घेतला," आणि विषय संपला असेल. आपण तरी आईला दुसरं काय सांगत आलो, हे नेत्राला तेव्हा आठवलं.

कंपनीची बाई आली त्या संध्याकाळी नेत्रानं आपलं मांडलं. आकडे मोठे, ऑर्डरी मोजक्या. बाईनं मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं.

लट्रीस उठली. तिच्या जाहिरातीत एका मुलीचा पाठमोरा फोटो होता, नुकत्याच घातलेल्या वेण्या, आणि खाली ओळ: थँक्सगिव्हिंगला लेक घरी येतेय, तिची खुर्ची आत्ताच राखून ठेवा. ती दाखवली होती फक्त दुकानाच्या आसपास राहणाऱ्या आयांना, ज्यांच्या मुली बाहेरगावी कॉलेजात होत्या आणि नोव्हेंबरअखेरच्या या सणाला घरी यायच्या होत्या. आई शेजारच्या गल्लीतली, कार्ड तिच्या पर्समध्ये आणि लेकीच्या केसांची काळजी तिलाच जास्त. थँक्सगिव्हिंग अजून पुढं होतं, तरी त्या आख्ख्या आठवड्यासाठी आत्याकडं एक खुर्ची रिकामी उरली नव्हती.

"आईला धरायची कल्पना माझी नाही," लट्रीस म्हणाली. "ती तिथं बसलेल्या नेत्राची. तिनं मला कँटीनमध्ये सांगितली."

सगळ्या माना वळल्या. नेत्राला हसावं लागलं. चोरलं असतं तर भांडता आलं असतं. हिनं भर वर्गात नाव घेतलं, आता भांडायचं कशावर?

कंपनीच्या बाईनं विचारलं, "मग तुझी का नाही चालली?"

"माझ्या आया सातासमुद्रापार होत्या," नेत्रा म्हणाली. वर्ग हसला. पहिल्यांदाच तिनं या लोकांना हसवलं होतं, आणि तेही जागा हातची गेल्यावर.

नोकरी लट्रीसला लागली. पार्किंगमध्ये ती नेत्राच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"चिडलीस ना?"

"नाही."

"मी वर्षानुवर्षं फोनवर चिडलेली माणसं ऐकलीत. नीट सांग."

"चिडलेय," नेत्रा म्हणाली.

"मग बरं. तुझे ते आकडे बघून मी दोन दिवस आत्याशी धड बोलले नव्हते." लट्रीस हसली नाही. "तिथं दुसरी जागा निघाली तर तुझं नाव सांगेन. निघेल असं नाही म्हणत."

"सांग," नेत्रा म्हणाली. आभार न मानताच ती गाडीत बसली.

घरी यतीन दारातच उभा. "काय झालं?"

"तिला मिळाली."

"कोटा?"

"न्हाई. अक्कल माझी होती. वापरली तिनं, आणि माझ्यापरीस बरी वापरली."

"मग आता जळून राहिली का?"

"व्हय, जळतेय. जळू द्या जरा. जेवायला मग बसू."

तिनं चप्पल काढली, पर्स सोफ्यावर टाकली आणि नंदाकाकूंना फोन लावला. महाराष्ट्रातली जाहिरात बंद करतेय म्हणून सांगितलं आणि विचारलं, "काकू, आपल्या मंडळातल्या कुणाकुणाची पोरं कॉलेजला बाहेर राहतात? दिवाळी गेली तरी थँक्सगिव्हिंगला घरी येतीलच की. मला त्यांच्या आया पाहिजेत. इथल्या, नोव्हायच्या."

काकूंनी नावं सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबल्या. "अगं, हे छानच आहे. आधी का नाही गं सुचलं?"

"मलाच सुचलं होतं," नेत्रा म्हणाली, आणि पुढचं नाव विचारलं.