सोमवार अकराचं पाणी

"अरे, तू बाटलीत भरतोस ते धुतलेलं पाणी आहे!" आमचे हे ओरडले तेव्हा मी आत लसूण सोलत बसले होते. लग्न झाल्यापासून त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"दादा, साहेबांनी वार दिलाय सोमवार, वेळ दिलीय अकरा. रविवारी जाऊन काय पोहू तिथं?" धाकटे दीर म्हणाले.

हे रंगाच्या कारखान्यात वॉचमन, भाऊजी पाणीखात्यात शिपाई. कारखाना परदेशी कंपनीचा. दर सोमवारी अकराला भाऊजींनी त्याच्या मागच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं आणि शहरातल्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचं. आणि हे गेटवरून बघायचे की, सोमवारी पहाटेच रंगाचा पाइप बंद होतो आणि भाऊजींची सायकल वळली की पुन्हा सुरू. त्या भांडणानंतर दोघं भाऊ चार महिने माझ्यामार्फत बोलले. एकाच खोलीत बसून "त्याला सांग, दिवा बंद कर."

भाऊजी नाकासमोर चालणारे. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, भरायची, बूच, वर लाख, त्यावर साहेबांनी वार-वेळ घालून दिलेली चिठ्ठी. सव्वीस वर्षं यात फरक नाही. हे गेले, तरी भाऊजींचा सोमवार हलला नाही. मी तरी कुठं बोलले? खोटं कशाला सांगू, आमच्या घराचं छप्पर त्याच कारखान्याच्या पगारातून झालं. गल्लीत पक्का रस्ता आला, दारोदार मोटारसायकली आल्या. भाऊजींचा मुलगाही तिथंच मशीनवर लागला.

यंदा परदेशातून आणखी पैसा आला. दुसरा कारखाना उभा राहायचा होता, आमच्या विहिरीच्या अगदी वरच्या अंगाला. खालच्या गल्लीची विहीर आधीच नासली होती. तिथल्या बायका आमच्याच रांगेत उभ्या असायच्या. नव्या कारखान्याची परवानगी त्या महिन्याच्या पाण्याच्या अहवालावर अडली होती. शेवटची बाटली तेवढी राहिली होती, आणि ती भरून भाऊजी निवृत्त होणार होते.

शनिवारी रांगेतली एक बाई त्यांना म्हणाली, "बाटलीवाले, तुमच्या बाटलीतलं एकदा आम्हालाही पाजा की. लई स्वच्छ असतं म्हणे." सगळ्या हसल्या. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी सकाळीच पिशवी घेऊन दारात उभे. "वहिनी, चला जरा."

"कुठं?"

"साक्षीला."

नाल्याचं पाणी जांभळं-काळं, वर वाफ. वासानं माझ्या घशात आग झाली. भाऊजींनी एकदा विसळलं तोच मागून हाक आली. मुलगा पाळीवर निघाला होता.

"बाबा, आज रविवार आहे."

"माझ्याही घरी कॅलेंडर आहे."

"उद्या या ना! नवीन कारखान्यात मला सुपरवायझर करणार आहेत. हे कळलं तर मला काढतील, तुमची पेन्शन अडकवतील."

भाऊजींनी दुसऱ्यांदा विसळलं. मुलानं त्यांचं मनगट धरलं. "काकू, तुम्ही तरी सांगा!"

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "हात सोड रे, बाटली फुटेल."

तेवढ्यात गेटवरचा माणूस काठी आपटत आमच्याकडे यायला लागला. मुलानं त्याच्याकडे पाहिलं, मग बापाच्या जांभळ्या झालेल्या बोटांकडे. मनगट सोडलं. पुढं जाऊन वाटेतच आडवा उभा राहिला. "काही नाही हो, घरचे आलेत. माझा डबा राहिला होता." त्या माणसाला बोलण्यात गुंतवून तो गेटकडे घेऊन गेला. डबा त्याच्या खांद्यालाच होता.

भाऊजींनी तिसऱ्यांदा विसळलं, बाटली भरली, लाख लावली. साहेबांची चिठ्ठी सोमवारची होती. म्हणून वहीचा कागद फाडून लिहिलं, रविवार, सकाळी आठ. खाली स्वतःची सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मला लिहायला येतं ते नावापुरतं. ते लिहिलं.

सोमवारी अकराला ते नेहमीसारखे नाल्यावर गेले आणि साहेबांची बाटलीही भरून आणली. मला डोळे दाखवायला शहरात जायचंच होतं, म्हणून त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. दोन्ही बाटल्या त्यांच्या मांडीवर.

प्रयोगशाळेच्या खिडकीतला कारकून चक्रावला. "दोन कशाला?"

"एक साहेबांच्या वेळेची, एक कंपनीच्या वेळेची."

"हे नियमात बसत नाही."

"म्हणून तर नियमातलीही आणलीय. दोन्हींची पोच द्या."

कारकुनानं काळी बाटली उजेडात धरली. आतल्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. कितीतरी वेळ शिक्का हातातच. मग दोनदा आपटला, ठक, ठक.

भाऊजींनी दोन्ही पावत्यांवरची तारीख वाचली, घडी करून खिशात ठेवल्या. मग, नोकरीतला सोमवार आता उरला नव्हता तरी, दर वेळेसारखी पुढच्या सोमवारची रिकामी बाटली मागून घेतली, बूच घट्ट बसतंय ना बघितलं आणि पिशवीत टाकली. "चला वहिनी, आधी तुमचे डोळे. पाचची बस चुकायला नको."