गाण्यातली आई

गल्लीत तिला सगळेच वहिनी म्हणत. नवरा सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं काम करायचा, तो अख्ख्या गल्लीचा भाऊ, म्हणून ही वहिनी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक पडदा. भाऊ जुनं कापड उसवायचा, फोम बसवायचा, ताणून पिना मारायचा आणि वहिनी मशीनवर खोळी शिवायची. तिच्या हाताला सफाई होती आणि जिभेला धार. गिऱ्हाइकं कामासाठी तिची वाखाणणी करत आणि गप्पा मारायला भाऊकडे जात.

भाऊ माणूस गोड. कुणाचं मांजर मेलं तरी याचा चेहरा पडणार. आणि दिवसभर त्याच्या फळीवरच्या स्पीकरमधून गावाकडची गाणी वाजत असायची. गाणी सगळी एका वळणाची. वेशीवर वाट बघणारी आई, शहरात गेलेला मुलगा, थंड पडलेली चूल, आणि शेवटच्या कडव्यात मुलगा पोचेपर्यंत कुणीतरी गेलेलं. बासरी तर हटकून असायचीच. गाणं चढत गेलं की भाऊ हातातलं काम खाली ठेवून बाहीनं डोळे पुसायचा.

"अहो, दवाखान्याच्या खुर्च्या उद्या न्यायला येणार आहेत," वहिनी म्हणायची.

"हो गं. एवढं कडवं होऊ दे."

त्या कडव्यात नेमकी हाक असायची. आई, तुझी हाक मला साता डोंगरांपलीकडून ऐकू येते, असलं काहीतरी. आणि त्याच वेळी पडद्यामागच्या खोलीत भाऊची खरी आई पेल्यावर चमचा वाजवत असायची. तिला कूस बदलायची असे, नाहीतर पाणी हवं असे, नाहीतर बाथरूमला जायचं असे. साता डोंगरांपलीकडचं ऐकणाऱ्या माणसाला पडद्याआडचं ऐकू यायचं नाही, कारण स्पीकर मोठा लावलेला. वहिनी पायाखालचं मशीन थांबवायची आणि उठायची.

सासू गावी एकटी राहायची. उंबऱ्याला ठेच लागून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि भाऊ तिला घेऊन आला. आणायला गेला तेव्हा सगळ्या वाटेवर तिचा हात हातात घेऊन बसला होता म्हणे. घरी आणून पलंगावर टेकवली आणि वहिनीला म्हणाला, "आता हिला काही कमी पडू द्यायचं नाही." पडू द्यायचं नाही ते कुणी, हे काही तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. धुणं, अंग पुसणं, केस विंचरणं, डॉक्टरांनी सांगितलेले पायाचे व्यायाम, रात्रीची गोळी, सगळं वहिनीच्या गळ्यात पडलं. भाऊ सकाळी कामाला बसायच्या आधी आईच्या उशाशी जायचा, तिच्या कपाळावरून हात फिरवायचा, "कशी आहेस?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आधी त्याचे डोळे भरून यायचे. मग तो बाहेर जायचा आणि गाणं लावायचा.

गंमत अशी की वहिनी याच हळवेपणावर भाळली होती. तिचे वडील बस चालवायचे. घरी आले की बोलणं एवढंच, "दार लावून घ्या." पण हिच्या चपलेचा अंगठा तुटला तर सकाळी तो शिवलेला असायचा. कुणी शिवला ते कुणी विचारायचं नाही आणि वडील सांगायचे नाहीत. त्या मुक्या घरातून ती आली, आणि लग्न झाल्यावर बघते तर तिच्या आईवडिलांचा निरोप घेताना नवराच हमसून हमसून रडतोय. "सासरी मी चाललेय आणि रडताय तुम्ही!" ती म्हणाली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या नशिबी काळजाचा माणूस आला. काळीज होतंच. त्याचा उपयोग काय करायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एका रविवारी नणंद आली. ती लांब राहायची, फोनवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि तसल्याच गाण्यांचे तुकडे पाठवायची. आल्या आल्या तिनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं, मग फोन काढला.

"दादा, आईच्या मांडीवर डोकं ठेव. मी गाणं लावते."

भाऊनं डोकं ठेवलं.

"अरे, त्या पायावर नको! दुखतंय!" म्हातारी ओरडली.

"आई, जरा हस ना," नणंद म्हणाली. "पुन्हा एकदा घेऊ. वहिनी, तू थोडी बाजूला हो, सावली पडतेय."

वहिनीनं तासभर खपून म्हातारीला न्हाऊ घातलं होतं, धुतलेली चादर घातली होती. ती बाजूला झाली. पुढे तो व्हिडिओ जिकडेतिकडे फिरला. त्यात आई होती, लेक होता, बासरी होती. वहिनीचा फक्त हात दिसत होता, तोही उशी सरळ करताना, अर्धा कापलेला. आठवडाभर गिऱ्हाइकं येऊन म्हणत होती, "भाऊ, काय प्रेम हो आईवर! डोळ्यांत पाणी आलं." कापड दुकानदाराची बायको तर वहिनीला म्हणाली, "भाग्यवान आहेस. जो आईचा झाला तो बायकोला कधी अंतर देत नाही." वहिनीच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

त्या दिवशी दुपारी पेला वाजला, पुन्हा वाजला, आणि वहिनी उठली ती पडद्याकडे न जाता फळीकडे गेली. तिनं स्पीकर बंद केला.

"ऐका," ती म्हणाली.

"काय?"

"पेला वाजतोय तो."

"अगं मग जा ना. मी पिना मारतोय."

"पिना कुठे मारताय? मघापासून डोळे पुसताय. अहो, इतकी माया आहे ना आईवर? मग एकदा तिला धरून बाथरूमपर्यंत न्या. दुसरं काही मागत नाही मी."

भाऊचा चेहरा उतरला. "मला ते बघवत नाही गं. तिला तसं... मला नाही जमत."

"मला बघवतं का? माझ्या पाठीचं काय झालंय ते बघितलंत?"

"तुला त्या गाण्यांचा राग का, तेच कळत नाही मला. मनापासून केलेली गाणी आहेत ती. ज्यानं सोसलंय त्यालाच कळतात."

"मनापासून असतील. पण मनातून निघून पुन्हा मनातच जिरतात. हातापर्यंत काही पोचत नाही त्यातलं. साखरेच्या पाकात बुडवलेली नुसती."

"तुला काळीजच नाही," भाऊ म्हणाला.

तो ओरडला नाही, हळू बोलला, आणि म्हणून ते जास्त लागलं. तेवढ्यात पेला पुन्हा वाजला. वहिनी आत गेली. काळीज नसलेल्या बाईनं म्हातारीला उठवलं, नेलं, आणलं, निजवलं.

दुसऱ्या दिवशी दोरा आणि चेन आणायला ती बाजारात गेली. दोऱ्याच्या दुकानात तसलंच गाणं लागलेलं. हे वडिलांचं होतं. बाप स्वतःचा फाटका सदरा लपवतो, लेकराला नवा घेतो, बोलत मात्र काही नाही. वहिनीनं नाक मुरडलं. पुढचं यमक काय येणार हे तिला आधीच कळलं, आणि तेच आलं. पुढे बासरी वाजणार हेही कळलं, आणि वाजली. आणि तरी तिला दोऱ्याचा रंग सांगता येईना. दुकानदारानं मुकाट्यानं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिला स्वतःचा इतका संताप आला की विचारू नका. इतक्या स्वस्तातल्या गाण्यानं आपल्याला पकडावं? वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती. कामं होती.

घरी येऊन तिनं हे कुणाला सांगितलं नाही. भाऊला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बघ!" ते ऐकायची तिची तयारी नव्हती. पण संध्याकाळी म्हातारीचा पाय वर-खाली करताना तिनं विचारलंच, "आई, तुम्हाला आवडतात का हो ही गाणी?"

"सूर बरा असतो," म्हातारी म्हणाली. "पण त्यातली आई काही मागत नाही बघ कधी. दारात उभी राहते, वाट बघते, नि मरते. माझं तसं आहे का? मला दिवसभर काही ना काही लागतं. सावकाश गं! कळ येते."

"तुमच्या लेकाला तर रडू आवरत नाही."

"तो लहान होता तेव्हाच मी त्याला मामाकडे धाडला, हे काम शिकायला. घरात खायला पुरत नव्हतं. गाडीत बसला तेव्हा मी दारात उभी होते, हे खरं. त्या दारातल्या आईलाच धरून बसलाय तो अजून. ती तिथंच राहिली. इथं आलीय ती दुसरीच कुणी म्हातारी, हाडं मोडलेली. तिच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही."

वहिनीला हे पटलं. भाऊची थोडी कीवही आली. पण कीव आली म्हणून पाठ दुखायची थांबत नाही. उलट आता तिला धड चिडताही येईना, आणि ते फारच अवघड होऊन बसलं. माणूस खोटा असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हा खरा रडत होता.

म्हातारीनं मात्र ते बोलणं सोडून दिलं नाही. वॉकर धरून चार पावलं टाकता यायला लागल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "मला बाहेर दुकानात बसव."

"तिथं धूळ असते आई, फोमचा भुगा उडतो."

"उडू दे. इथं छताकडे बघून कंटाळले."

वहिनीनं एक हातांची खुर्ची पडद्याजवळ मांडली, पाठीला उशी दिली. म्हातारी स्थानापन्न झाली आणि तिनं बघायला सुरुवात केली. बघता बघता बोलायलाही.

"अरे, हे कापड उलटं नाही का लावलंस?"

"नाही आई, सुलटं आहे."

"मला तर उलटं वाटतं. पंखा कमी कर रे. आणि माझा चष्मा आतच राहिला."

भाऊनं पंखा कमी केला, चष्मा आणला. वहिनी मशीनवर मान खाली घालून शिवत राहिली. उठायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिचे पाय सवयीनं दोनदा हलले, तिनं ते दाबून धरले.

"हा चष्मा नव्हे, जवळचं बघायचा. आणि माझ्या पायाला मुंग्या आल्यात, जरा स्टूल दे. मघाच्या त्या बाईनं पैसे दिले का रे? गोरी गोरी होती ती."

"दिले आई." भाऊनं स्टूल दिलं, चष्मा बदलून आणला, आणि स्पीकर लावला. लाडकं गाणं होतं, वेशीवरचं. तो ऐकायला लागला. डोळ्यांत पाणी जमायला सुरुवात झाली असेल नसेल, तोच म्हातारी म्हणाली, "पाणी दे रे."

"देतो."

"आणि उशी खाली सरकलीय."

"हो."

"आणि ते जरा बारीक कर, मला..."

"आई, जरा गप्प बस ना!" भाऊ खेकसला. "गाणं ऐकू दे मला!"

वहिनीच्या मशीनचं चाक आपोआप थांबलं. दारात एक बाई खुर्ची दुरुस्तीला घेऊन आली होती, ती तशीच खुर्ची छातीशी धरून उभी राहिली. स्पीकरमधला मुलगा आईला म्हणत होता की, तुझा एक शब्द ऐकण्यासाठी मी अख्खा जन्म ओवाळून टाकीन.

भाऊचे कान लाल झाले. त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं होतं. वहिनीला हसू फुटत होतं आणि रडूही, आणि दोन्हींत भर म्हणून रागही, की हे व्हायला इतके दिवस का लागले.

म्हातारी तेवढी शांत होती. "हां," ती म्हणाली. "आता कसं घरातल्यासारखं बोललास. इतके दिवस माझ्याशी असा वागत होतास, जशी मी मेलेच आहे."

भाऊनं स्पीकर बंद केला. बाईची खुर्ची उतरवून घेतली, उद्या या म्हणाला, आईची उशी वर सरकवली. सरकवताना ती उलटीच बसवली. म्हातारीनं दोनदा सांगून ती सुलटी करून घेतली.

आता म्हणाल, यानंतर सगळं बदललं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाणी पुन्हा लागली, थोडी बारीक आवाजात. बाथरूमला न्यायचं काम वहिनीकडेच राहिलं. व्यायाम दोन दिवस भाऊनं करवला, तिसऱ्या दिवशी विसरला, आणि आठवण करून दिल्यावर तोंड फुगवून बसला. नणंदेनं सकाळी गुलाब पाठवले. वहिनीची पाठ तशीच होती.

फक्त एका संध्याकाळी ती दवाखान्याच्या शेवटच्या खोळीला चेन लावत होती, तेव्हा भाऊ आतून रिकामा पेला घेऊन आला आणि तिच्याजवळ घुटमळत उभा राहिला.

"आईला पाणी गार लागतं का कोमट?"

वहिनीनं वर बघितलं. तीन महिने झाले होते. तीन महिने हा माणूस आईच्या नावानं डोळे पुसत होता, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. तिच्या जिभेवर बरंच काही आलं. बोलायला गेली असती तर रात्र पुरली नसती.

"कोमट," ती म्हणाली. "आणि पेला अर्धाच भरा. तिचा हात थरथरतो."

"हो का?" भाऊ म्हणाला, आणि पाणी तापवायला आत गेला.