जाळं चांगलं, तलाव दुसऱ्याचा

गिऱ्हाईक आले की तो आधी त्याला दुकानाबाहेर काढी. हातात पुस्तके वाचण्याचे यंत्र देई आणि म्हणे, "उन्हात धरून पाहा, भाऊ. सावलीत तं सारेच चांगले दिसतात."

चामोर्शीच्या बाजारात त्याच्या पायरीवर माणसे भर उन्हात वाचत उभी असलेली तुम्हीही पाहिली असतील. कागदासारखा पडदा, पान उलटायला कडेला बटणे. इतके उत्तम यंत्र का चालले नाही? गावात सांगतात, त्याला विकताच आले नाही. हे साफ खोटे आहे. वाचनालयाच्या त्या बैठकीत मी अध्यक्ष होतो. हे सांगणारे तिथे नव्हते.

आमच्या वाचनालयाला अशी यंत्रे घ्यायची होती. ही मागणी हुकली तर यंत्र बनवणारी कंपनी आपल्याला माल पाठवणे बंद करील, हे त्याने मला आधीच सांगितले होते. सभासदांना त्याने रीतसर अंगणात नेले. यंत्र सर्वांना पसंत पडले. मग ग्रंथपालबाईंनी विचारले, "वाचनालयानं मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून आधीच जी पुस्तकं घेतली, ती यात उघडतीन ना?"

'पाहू' म्हणून त्याला वेळ मारून नेता आली असती.

"नाई, बाई. त्यायची पुस्तकं त्यायच्याच यंत्रात उघडतात."

"मंग तुमचं चांगलं असून आमाले काय फायदा?"

तो हसला. त्याचे भाऊ मासेमारी करतात. "आमच्या घरी असंच हाये. जाळं कितीबी चांगलं विणा, तलाव ज्याच्या ठेक्यात, मासोळी त्याचीच."

सगळे हसले आणि ठराव मोठ्या कंपनीच्या यंत्रांचा झाला.

तो रागाने उठून गेला, ही दुसरी थाप. त्याने चहा घेतला, कप जागेवर ठेवला आणि मगच निघाला. पुढे ती यंत्रे आली तेव्हा बाईंना त्यांतले अक्षर मोठे करता येईना. निरोप जाताच तो आला आणि एकेक यंत्र नीट लावून देत बसला.

मी म्हणालो, "तुझं तर विकलं नाही. मग हे काऊन?"

"यंत्र कोणाचंबी असो, भाऊ. डोळे तं आपल्याच गावचे हायेत."

कंपनीने माल थांबवला आणि त्याने दुकान सोडले. आता तो भावांबरोबर नदीकाठी मासळीच्या धंद्यात आहे. हरून पळाला, असे माझ्यापुढे कोणी म्हणू नये. हरले ते यंत्र, आणि तेही उन्हात नव्हे. पुस्तकांच्या दुकानाची किल्ली दुसऱ्याकडे होती, म्हणून.

त्या दुकानात आता बियाणे विकतात. त्याच्याकडून मी घेतलेले यंत्र अजून चालते. बाजाराच्या दिवशी ते घेऊन मी त्याच पायरीवर बसतो.

"उन्हात काऊन बसून राह्यले, भाऊ? आत या ना," नवा दुकानदार दर वेळी म्हणतो.

मी बटण दाबून पान उलटतो.